अरक, अबकारी आणि पोटातले मूल

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत पेणच्या आधी हमरापूर स्टेशन लागते. त्याच्या आसपासची हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही गावे गणपतीच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहेत. एका वर्षीचे विसर्जन आटोपले की पुढच्या वर्षीच्या मूर्तींचे काम सुरू होते. घासायला, रंग द्यायला बायकांचे हात लागतात. पोटुशी बाईसुद्धा बरेच महिने कामावर येते. बसून करायचे काम, म्हणून ते सोपे समजले जाते. जोह्याची कीर्ती मूर्तींची आहे, दारूची नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. पण हे गाव ज्या मुलखात आहे त्या जुन्या कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडचा, दारूचा इतिहास मोठा आहे. त्या इतिहासात भट्टी आहे, मक्ता आहे, कर आहे, बंदी आहे. पोटुशी बाई मात्र कुठेच नाही. तिला शोधत गेलो, त्याची ही हकीकत.

सुरुवात शब्दांपासूनच करू, कारण शब्द आपल्या घरातले आहेत. ‘अल्कोहोल’ हा शब्द अरबी ‘अल-कुहल’वरून आला. कुहल म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. बारीक कुटलेल्या भुकटीचे हे नाव पुढे युरोपात कोणत्याही पदार्थाच्या सत्त्वाला, आणि शेवटी दारूच्या सत्त्वाला चिकटले. दारू गाळण्याच्या भांड्याचे युरोपीय भाषांतले नाव ‘अल-अंबीक’वरून आले, आणि ‘अरक’ म्हणजे मुळात घाम. भट्टीच्या नळीतून थेंबथेंब गळणारे ते अरक. जी संस्कृती दारू हराम मानते तिच्याच भाषेने तिला नाव दिले, याची गंमत वाटते. आपल्या सत्ताधीशांचे वागणेही असेच दुहेरी होते. जहांगीर १६०५ मध्ये गादीवर आला तेव्हा त्याने दारू गाळण्यावर आणि विकण्यावर बंदीचे फर्मान काढले. स्वतः तो अठराव्या वर्षापासून पीत होता, आणि हे त्याने आपल्या आत्मवृत्तात लपवलेले नाही. त्याचे दोन भाऊ, मुराद आणि दानियाल, दारूनेच गेले. शाही घराण्यातल्या या पुरुषांच्या पिण्याची नोंद तपशिलात सापडते. जनानखान्यातल्या मुलांवर काय परिणाम झाला, हे कोणी लिहून ठेवले नाही.

दारूची मनाई कुरआनात एकदम आली नाही, टप्प्याटप्प्याने आली, हे आपल्या वाचकांना माहीत आहे. आधी फायद्यापेक्षा नुकसान मोठे असल्याचा इशारा, मग नशेत नमाजला उभे न राहण्याचा हुकूम, आणि शेवटी संपूर्ण मनाई. या मनाईचे समर्थन आपले वाज करणारे सहसा अक्कल, इबादत आणि आपसातले वैर या तीन मुद्द्यांवर करतात. पोटातल्या मुलाचा मुद्दा त्यात येत नाही. पण तेच मूल फिक्हमध्ये दुसरीकडे भेटते. गरोदर बाईला स्वतःच्या किंवा मुलाच्या प्रकृतीची भीती असेल तर रमजानचा रोजा सोडण्याची मुभा आहे. वारसा वाटताना जन्माला न आलेल्या मुलाचा हिस्सा राखून ठेवावा लागतो. गर्भवतीला मारहाण होऊन गर्भ गेला तर त्याची वेगळी भरपाई सांगितली आहे. म्हणजे पोटातले मूल हा हक्क असलेला जीव आहे, त्याच्यासाठी फर्ज इबादतसुद्धा पुढे ढकलता येते, हे आपल्या कायद्याला शेकडो वर्षांपूर्वी ठाऊक होते. फक्त ही दोन प्रकरणे, दारूचे आणि गर्भाचे, एका ठिकाणी आणून कोणी वाचली नाहीत. मला तरी ती एकत्र वाचलेली ऐकायला मिळाली नाहीत, ना मदरशात, ना वाजमध्ये.

आता कुलाब्याकडे येऊ. कोकणात दारू तीन झाडांची: ताड, माड आणि मोह. ताडी-माडी काढणारे भंडारी होते, मोहाची दारू जंगलपट्टीतल्या लोकांकडे घरोघर गाळली जाई. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे सगळे बदलले. या कायद्याची घडी बसवणारा अधिकारी चार्ल्स प्रिचर्ड. मीठ आणि अबकारी ही दोन्ही खाती त्याच्याच हाताखाली होती. पेणच्या खारेपाटाला एकाच साहेबाने दोन बाजूंनी पकडले म्हणायचे. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद झाल्या, ताडाच्या झाडावरचा कर वाढला, आणि दारू गाळणे मोठ्या मक्तेदारांच्या हाती गेले. उरणला पारशी मालकांच्या मोहाच्या भट्ट्या जोरात चालू लागल्या. पुढे १८९२ मध्ये मोहाच्या फुलांचा कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर बंधन आले. मोहाचे फूल नुसते दारूचे नव्हते, टंचाईच्या महिन्यांत ते गरिबाचे अन्न होते. सरकारला चोरटी दारू थांबवायची होती, कारण चोरट्या दारूवर कर मिळत नव्हता.

या सगळ्या व्यवहाराचे कागद भरपूर आहेत. गॅलन, परवाने, लिलाव, दंड. इंग्रजी गॅझेटिअरांनी कातकऱ्यांच्या पिण्यावरही शाई खर्च केली आणि त्यांच्या दारिद्र्याचे कारण त्यांच्याच माथी मारले. जंगल कोणी बंद केले, हे त्याच ओळीत लिहायला हवे होते. पण कर मोजणाऱ्याला बाईच्या पोटातले मूल दिसण्याचे कारणच नव्हते.

आश्चर्य असे की ज्यांच्या हातात कुलाब्याची अबकारी होती त्यांच्या स्वतःच्या देशात ही गोष्ट फार आधी उघड झाली होती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जिन नावाची स्वस्त दारू पाण्यासारखी वाहू लागली. १७२६ मध्ये तिथल्या वैद्यांच्या कॉलेजने पार्लमेंटला अर्ज केला, त्यात जिनमुळे अशक्त आणि रोगट मुले जन्मतात ही तक्रार स्पष्ट होती. १७५१ मध्ये होगार्थ या चित्रकाराने जिन पिणाऱ्यांच्या गल्लीचे चित्र काढले. त्यात झिंगलेल्या आईच्या हातून मूल खाली पडते आहे. पुढे १८९९ मध्ये लिव्हरपूलच्या तुरुंगातील डॉक्टर विल्यम सुलिव्हन यांनी दारूचे व्यसन जडलेल्या १२० स्त्रियांच्या ६०० मुलांचा हिशोब मांडला. त्यातली निम्म्याहून अधिक, ५५.८ टक्के, मृत जन्मली किंवा लहानपणीच गेली. याच स्त्रियांच्या न पिणाऱ्या नातलग स्त्रियांमध्ये हे प्रमाण २३.९ टक्के होते. सुलिव्हन यांना आणखी एक गोष्ट दिसली. यांपैकी काहींचे पुढचे गरोदरपण तुरुंगात गेले, तिथे दारू मिळाली नाही, आणि ती मुले धडधाकट जन्मली. माझ्या मते संपूर्ण इतिहासातला हा सर्वांत मोलाचा दाखला आहे. आई तीच, गरिबी तीच. फक्त मधले काही महिने दारू नाही.

एवढा स्वच्छ पुरावा हाती असताना तो हरवला कसा? याचे उत्तर अमेरिकेत आहे. तिथे १९२० ते १९३३ दारूबंदी होती, ती फसली आणि उठली. त्यानंतर दारूविरुद्ध काही बोलणे म्हणजे पाद्र्यांचे प्रवचन, असे सुशिक्षितांना वाटू लागले. १९४२ मध्ये येल विद्यापीठाच्या हॅगार्ड आणि जेलिनेक या जाणकारांनी दारूने गर्भाला इजा होते ही समजूतच निकालात काढली. आईबापच मुळात कमजोर, म्हणून मुले कमजोर, असा त्यांचा कल होता. पापाच्या भाषेत सांगितलेले सत्य पापाच्या भाषेबरोबरच फेकले गेले. १९६७ मध्ये तर न्यूयॉर्कचे डॉक्टर फ्रिट्झ फुक्स यांनी अकाली कळा थांबवण्यासाठी गरोदर स्त्रियांना शिरेतून अल्कोहोल देण्याची पद्धत सुरू केली. ती काही वर्षे रुग्णालयांत चालली.

इकडे मुंबई इलाख्यात दारूबंदीचे पर्व आले. १ ऑगस्ट १९३९ रोजी डॉ. गिल्डर मंत्री असताना मुंबई शहरात दारूबंदी झाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्याविरुद्ध बलसारा न्यायालयात गेले. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा मोठ्या प्रमाणात उचलून धरला, पण अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यावरची बंधने रद्द केली. तो निकाल न्यायमूर्ती सय्यद फजल अली यांनी लिहिला होता. निकालाला नावे ठेवण्याचा हेतू नाही. औषध बंद करून कसे चालेल? पण दारू बाटलीतून बाहेर गेली तरी औषधाच्या नावाने ती आपल्या घरात होतीच. आसव-अरिष्टांत आंबवण्याच्या क्रियेतून अल्कोहोल आपोआप तयार होते, आणि बाळंतिणीला दशमूलारिष्ट देणे ही महाराष्ट्रभरची चाल. ग्राइप वॉटर १८५१ मध्ये इंग्लंडच्या विल्यम वुडवर्डने काढले. त्याच्या मूळ कृतीत ३.६ टक्के अल्कोहोल होते, ते ब्रिटनमध्ये १९९२ पर्यंत काढण्यात आले. कोकणात बाळंतिणीच्या अंगात ऊब यावी म्हणून घोटभर ब्रँडी देणारी घरे होती. आपल्याकडे त्या जागी हरीरा आणि अळिवाची खीर. तरी कपाटातल्या टॉनिकच्या बाटलीवरचे बारीक अक्षर आपल्यापैकी कितीजणांनी वाचले असेल?

या गोष्टी बाळंतपणानंतरच्या आहेत आणि चमचाभराच्या आहेत. त्यांनी पिढ्या बरबाद झाल्या असे मी म्हणत नाही. थोडी दारू म्हणजे औषध, ही समजूत मात्र त्यातून पक्की झाली. महाराष्ट्रात आजही दारू पिण्यासाठी जो परवाना लागतो तो स्वतःचे आरोग्य जपण्यासाठी, अशीच त्याची भाषा आहे!

हरवलेले सत्य पुन्हा सापडले ते मुले तपासणाऱ्यांना. फ्रान्समध्ये १९५७ साली जॅकलिन रूकेत या स्त्रीने दारू पिणाऱ्या आईबापांच्या १०० मुलांवर प्रबंध लिहिला. १९६८ मध्ये नांत शहरातील बालरोगतज्ज्ञ पॉल लेमोआन यांनी १२७ मुलांचा अभ्यास एका प्रादेशिक वैद्यकीय पत्रिकेत छापला. दोन्ही दुर्लक्षित राहिले. त्याच सुमारास अमेरिकेच्या सिएटलमध्ये क्रिस्टी उलेलँड या तरुण डॉक्टर बाईंच्या लक्षात आले की काही बाळांचे वजन काही केल्या वाढत नाही, आणि त्यांच्या आयांना दारूचे व्यसन आहे. त्या धाग्यावरून केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी १९७३ मध्ये आठ मुलांची माहिती ‘लॅन्सेट’मध्ये दिली. मुले वेगवेगळ्या तीन वंशांची होती, एकमेकांच्या नात्यातली नव्हती, पण चेहऱ्याची ठेवण सारखी होती: डोळ्यांच्या फटी आखूड, नाक आणि ओठ यांमधली खाच सपाट, वरचा ओठ पातळ. या विकाराला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ नाव मिळाले.

आईने घेतलेली दारू वारेतून सरळ मुलाच्या रक्तात जाते. मुलाचे यकृत तयार झालेले नसते, म्हणून ती तिथे जास्त वेळ रेंगाळते. मेंदू तर नऊही महिने घडत असतो, त्यामुळे अमुक महिन्यात चालेल, अमुक इतकी चालेल, अशी सुरक्षित मर्यादा वैद्यकाला सापडलेली नाही. उलट सुलिव्हन यांनी पाहिले तेच खरे आहे, कोणत्याही महिन्यात थांबले तरी फायदा होतो. आणि ती चेहऱ्याची खूण थोड्या मुलांतच असते. बाकीची दिसायला इतर मुलांसारखीच. शाळेत कळते. काल पाठ केलेले आज विसरते, गणित जमत नाही, पैशाचा आणि वेळेचा अंदाज नाही, एका चुकीची शिक्षा झाली तरी तीच चूक पुन्हा. मास्तर म्हणतात लक्ष नाही, बाप म्हणतो माजला आहे, आजी तावीज बांधते. मार खाऊन ते मूल आणखी बिथरते. ही इजा जन्मभराची असते. पण लवकर ओळखली, रोजचा दिनक्रम एकसारखा ठेवला, एका वेळी एकच गोष्ट सांगितली, तर अशी मुले कामाला लागतात, संसारही करतात. आपल्या २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत या विकाराचे स्वतंत्र नाव नाही. बौद्धिक अपंगत्व किंवा शिकण्यातील अडचण या नावाखाली दाखला मिळवावा लागतो.

या विकाराचे जगातले सर्वाधिक प्रमाण कुठे आढळले? दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात. इथे आपला एक धागा जुळतो. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कितीतरी कोकणी मुसलमान केपटाऊनला गेले, दुकाने काढली, तिथेच रुजले. त्या शहराच्या आसपास द्राक्षांचे मळे आहेत. मळ्यांवर ‘डॉप’ नावाची पद्धत होती. मजुराला मजुरीचा भाग म्हणून दिवसातून अनेकदा हलक्या प्रतीची वाइन द्यायची. गुलामगिरी गेली तरी ही पद्धत राहिली. १९६०च्या सुमारास कायद्याने बंद झाली, तरी काही मळ्यांवर त्यानंतर अनेक वर्षे चालू होती. मजूर बाई मळ्यावरच राबायची, मळ्यावरच प्यायची आणि तिथेच बाळंत व्हायची. तिथल्या मुलांची दशा पाहून कोणी म्हणेल की त्या आया बेजबाबदार होत्या. पण त्यांना पाजले कोणी, आणि कोणाच्या फायद्यासाठी? कुलाब्याची अबकारी आणि केपची डॉप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कबूल. एका ठिकाणी सरकारने गल्ला भरला, दुसरीकडे मळेवाल्याने मजूर बांधून ठेवला. तरी दारूचा दोष पिणाऱ्या गरिबाचा आणि नफा दुसऱ्याचा, हा हिशोब दोन्हीकडे सारखाच आहे.

आता आपल्या समाजाबद्दल. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार गरोदरपणी थोडीफार दारू घेणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण जगात सुमारे १० टक्के आहे. अरब देश, इराण, पाकिस्तान ज्यात येतात त्या विभागात ते ०.२ टक्के, सगळ्यांत कमी. मनाईने काय साधते याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा? भारतातही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरील स्त्रियांत दारू घेणाऱ्या १.३ टक्के आणि पुरुष १८.८ टक्के आढळले. या आकड्यांचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, मलाही वाटतो. पण याच अभिमानापोटी आपल्या मोहल्ल्यात हा प्रश्न विचारणेच अशक्य होते. आरोग्यसेविका मिश्रीबद्दल विचारते, तंबाखूबद्दल विचारते. मुस्लिम घरात दारूबद्दल विचारणे म्हणजे अपमान, असे तिलाही वाटते. आणि शंभरात एखादी का होईना, जी पीत असेल, ती सासूसमोर, नवऱ्यासमोर, डॉक्टरसमोर कुठल्या तोंडाने बोलणार? तिच्यासाठी हराम हा शब्द दाराला लागलेल्या कडीसारखा आहे. ती तौबा करू शकते, पण मदत मागू शकत नाही.

पुरुषांच्या बाबतीत तर लपवण्यासारखे काही उरलेलेच नाही. पेण, रोहा, महाड, कुठल्याही बाजारात संध्याकाळी फिरावे. पोटातल्या मुलाला इजा व्हायला आईनेच प्यायला हवे असेही नाही. त्याच पाहणीत, ज्यांचे नवरे वारंवार झिंगतात अशा स्त्रियांपैकी ७० टक्के स्त्रियांनी नवऱ्याची मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसली होती. न पिणाऱ्या नवऱ्यांच्या घरी हे प्रमाण २३ टक्के होते. ती बाई गरोदर असते तेव्हा हात थांबतो असे नाही. घरात आलेली मजुरी दुकानात गेली की लोहाच्या गोळ्यांबरोबर खायला पोटभर अन्न नसते. बापाच्या बीजावरही दारूचा परिणाम होतो का, याचा शोध आता चालू आहे. टेक्सासमधील मायकेल गोल्डिंग यांच्या प्रयोगशाळेने २०२३ मध्ये उंदरांत दाखवले की फक्त नराला दारू दिली तरी पिलांच्या चेहऱ्याच्या ठेवणीत बदल दिसतात. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. तरी आईच्या एकटीच्या माथ्यावर सगळे ठेवून मोकळे होणाऱ्यांनी हे वाचावे.

महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान महिलांच्या मतदानाने बंद करता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते. नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. या चळवळीतल्या बायका ज्या कारणांनी भांडतात ती कारणे मार, उपाशी मुले आणि विकलेली भांडी. पोटातले मूल त्यांच्याही घोषणांत अजून आलेले नाही.

अमेरिकेत १९८९ पासून दारूच्या प्रत्येक बाटलीवर गरोदर स्त्रियांसाठी इशारा छापावा लागतो. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून बाटलीवर वैधानिक इशारा सक्तीचा झाला. त्यात दोन गोष्टी सांगितल्या आहेत: दारू आरोग्याला घातक आहे, आणि पिऊन गाडी चालवू नका. जोह्याच्या कारखान्यात मूर्तीच्या डोळ्यांना रंग देत बसलेल्या बाईला गाडी नाही.